७२ तासांची टाकी

मी एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहे. १३ मार्च २०२० ला केंद्राने मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली आणले. आठवडाभरात २०० मिलीच्या बाटलीला १०० रुपयांची मर्यादा आली आणि कारखान्यांनीही सॅनिटायझर करावं, असा निरोप आला. अल्कोहोलच्या टाक्या आमच्याकडे भरलेल्या होत्या, नव्हता तो परवाना.

अर्ज अन्न व औषध प्रशासनाकडे: जागेचा नकाशा, माझी पदवी, अनुभवाचा दाखला. अल्कोहोल हलवायला राज्य उत्पादन शुल्क विभागाची मंजुरी वेगळी. एरवी अशा फाइलमागे महिनोन्महिने हेलपाटे घालावे लागतात. तेव्हा मात्र रात्री साडेदहाला साहेबांचाच फोन आला, "एक कागद राहिलाय, आता व्हॉट्सॲपवर टाका, मूळ प्रत नंतर आणा." सहाव्या दिवशी परवाना हातात पडला. त्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही.

खरं अडलं ते झाकणांवर. बाटल्यांचे कारखाने टाळेबंदीत बंद, आणि एका व्यापाऱ्याने फ्लिप टॉप झाकणाचा दर तिप्पट सांगितला. संताप झाला. सॅनिटायझरची किंमत बांधली, झाकणाची कोण बांधणार? शेवटी लहान बाटल्यांचा नाद सोडला आणि पाच लिटरचे कॅन मिळवले.

सूत्र जागतिक आरोग्य संघटनेचं. ५०० लिटरला ९६ टक्क्यांचं ४१७ लिटर अल्कोहोल, ३ टक्क्यांचं २१ लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड, सव्वासात लिटर ग्लिसरीन, बाकी उकळून गार केलेलं पाणी. ग्लिसरीन मापाच्या भांड्याला मधासारखं चिकटून राहतं, म्हणून भांडं त्याच पाण्याने दोनदा विसळून टाकीत ओतलं. मग अल्कोहोल मोजायचं मीटर मिश्रणात बुडवून अल्कोहोल ८० टक्के आलं का ते पाहिलं.

आणि पुढे ७२ तास थांबायचं. डब्यातून किंवा मिश्रणातून आलेले जिवाणूंचे बीजाणू पेरॉक्साइडने मरायला तेवढा वेळ लागतो. गेटवर ग्रामपंचायतीची, पोलीस ठाण्याची माणसं रिकामे कॅन घेऊन उभी. चेअरमनसाहेबही म्हणाले, "अर्धं तरी सोडा." मी नाही म्हणालो. टाकीवर खडूने वेळ लिहिली होती, ती दाखवली.

चौथ्या दिवशी पहिले कॅन ग्रामीण रुग्णालयात पोचवले. सिस्टरनी झाकण उघडून थोडं तळहातावर घेतलं, मनगटापर्यंत चोळलं आणि विचारलं, "पुढचे कधी देता, दादा?"

"सोमवारी, ताई. दुसरी टाकी कालच लावलीय."