वेंगुर्ल्यातलं स्प्रिट्झ आणि किरायत

अपेरोल स्प्रिट्झ, म्हणजे अपेरोल ह्या कडूगोड नारिंगी इटालियन दारूचं फसफसतं पेय, करायला हात कसलेला असावा लागत नाही. बर्फ मात्र भरपूर लागतो, आणि वेंगुर्ल्यात ऑक्टोबरच्या तलखीत खरी अडचण तिथेच आहे. दुपारी लाइट जाते, फ्रीजरमधले खडे पाझरतात आणि पुन्हा गोठताना एकमेकांना चिकटून बसतात. बंदरावर बर्फाला तोटा नाही, पण तो मासळीसाठीचा, पेल्यात घालायचा नव्हे. म्हणून मी रात्रीच स्टीलच्या डब्यात पाणी लावून ठेवतो आणि संध्याकाळी ती लादी फडक्यात गुंडाळून वरवंट्याने फोडतो. तुकडे मोठेच हवेत. बारीक खडे घातले की ग्लास अर्धा व्हायच्या आत त्याचं नारिंगी पाणी होतं.

मी क्रूझवर बारमध्ये होतो. आमचं जहाज व्हेनिसहून सुटायचं, सॅन मार्कोच्या चौकासमोरून. (२०२१ पासून मोठ्या जहाजांना तिथून जायला बंदी आहे, आणि ते योग्यच झालं.) त्या अर्ध्या तासात अख्ख्या डेकला एकच ऑर्डर सुचायची, स्प्रिट्झ. मी स्वतः तेव्हा हे कधी चवीने प्यायलो नाही. ती चव कळली ती गावी येऊन, माजघरातल्या टेबलावर.

माप सोपं आहे: ९० मिलि प्रोसेको (इटलीची फसफसणारी वाइन), ६० मिलि अपेरोल, ३० मिलि सोडा. ग्लास काठोकाठ बर्फाने भरायचा, आधी वाइन ओतायची, तिच्यावर अपेरोल. अपेरोलमध्ये साखर बरीच, ते जड असतं, आपोआप खाली उतरत मिसळतं. मग सोडा, आणि चमचा एकदाच हलकेच वर उचलायचा. घुसळलंत तर फेस गेला, आणि फेस गेला की उरतं ते खोकल्याचं औषध. सोडा मी गोटीचा घेतो. कॅनमधल्यापेक्षा तो जिभेला जास्त झोंबतो, आणि इथे झोंबायलाच हवा.

प्रोसेको मुद्दाम शोधत बसू नका. नाशिककडची सुला ब्रूट किंवा शांदों ब्रूट चालते. फरक पडतो, नाही असं नाही. प्रोसेकोला दुसऱ्यांदा आंबवतात ते मोठ्या टाकीत, म्हणून ती फळासारखी ताजी लागते. ह्या दोन्ही ब्रूट बाटलीतच आंबवलेल्या असतात, त्यांना थोडा पावाचा वास येतो आणि गोडवा कमी. त्यामुळे कडूपणा पुढे येतो. मला ते आवडतं. अपेरोल गोव्यात स्वस्त मिळतं, आणि गोवा आम्हाला हाकेच्या अंतरावर. पण तिकडची बाटली इकडे आणणं हा गुन्हा आहे, इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या उघडून बघतात. शे-दोनशे रुपयांसाठी ती धडधड नको. माझी बाटली भाचा मुंबईहून आणतो.

पहिल्यांदा घरी केलं तेव्हा आई ग्लासाकडे बघत म्हणाली, "ह्यां काय रे? कवंडळाचो रस काढलंस?" रंग अगदी तोच, गणपतीवरच्या माटवीला बांधलेल्या पिकल्या कवंडळाच्या फळाचा. तिने बोटाचं टोक बुडवून चाटलं, तोंड वाकडं केलं. "ह्याच्यापरास किरायत बरां. ह्येका लोक पैशे दितत?"

आईने हसण्यावारी बोललेलं हे नेमकं ठिकाणावर लागतं. पादुआच्या बार्बिएरी भावांनी १९१९ मध्ये अपेरोल बाजारात आणलं. त्यात कडू संत्र्याबरोबर जेंशियन नावाच्या डोंगरी झाडाचं मूळ असतं, आणि आपलं काडेकिराईत त्याच जेंशियनच्या कुळातलं. (परसात उगवतं ते पालेकिराईत वेगळं, त्याचं कूळ दुसरं, कडूपणात मात्र दोघंही कमी नाहीत.) म्हणजे तापात नाक दाबून ज्याचा काढा आम्हाला पाजला, त्याच्याच चुलतभावाला तिकडे साखर, वाइन आणि बर्फ देऊन जेवणाआधी भूक लागावी म्हणून बसवलाय. आपण कडू ते औषध ठरवून मोकळे झालो.

कांपारी हे तसलंच दुसरं इटालियन पेय, अपेरोलहून कडू आणि त्याहून बरंच कडक. अपेरोल ११ टक्क्यांचं, कांपारी त्याच्या जवळपास दुप्पट किंवा जास्त. कांपारीचा लाल रंग पूर्वी कोचिनील नावाच्या किड्यापासून काढत. हे मी आईला सोमवारी सांगितलं नाही.

तिच्यासाठी बिनदारूचं करतो, आणि खरं सांगायचं तर आता ते मलाच जास्त जमतं. काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेल्या काडेकिराईताच्या दोनतीन काड्या आणि पपनसाच्या सालीची पातळ पापुद्र्यासारखी पट्टी गरम पाण्यात बुडवून झाकून ठेवायची. चाखत राहायचं, नको इतकं कडू व्हायच्या आत गाळायचं. मग साखरेचा पाक, पाकाच्या निम्मं कोकमाचं आगळ, बर्फ, वरून सोडा. आगळात मीठ असतंच, वेगळं घालू नका. रंग कांपारीसारखा लालभडक येतो. पपनसाची फोड ग्लासात खोचायची; व्हेनिसवाले संत्र्याच्या फोडीबरोबर हिरवं ऑलिव्हही टाकतात, मला त्याची गरज वाटत नाही.

सोबत काजू मी ठेवत नाही, गोडावर गोड होतं. कुरकुरीत तळलेली मांदेली उत्तम. सुक्या सुंगटांची किसमूर त्याहून उत्तम, कारण खारट, ओल्या खोबऱ्याचं आणि तिखट असं सगळं त्या कडूगोडाला चिकटतं.

वाइनच्या एका बाटलीत स्प्रिट्झचे आठ ग्लास होतात, आणि उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी पहिल्यासारखी फसफसत नाही, तोंडात चमचा अडकवून ठेवला तरी नाही. तेव्हा चार माणसं बोलवा. तरी उरलीच तर ती तिसऱ्या (शिंपल्या) उकडायला घ्या, लसूण आणि मिरीबरोबर. आमच्याकडे त्यात कोकमाची सोलंही पडतात, कारण तो टोप आईच्या ताब्यात असतो.