नास्तिक ब्रॅडलॉ शपथेला का तयार झाले? तुम्ही विचारलंत म्हणून

व्याख्यानात एकोणिसाव्या शतकातले ब्रिटिश खासदार चार्ल्स ब्रॅडलॉ यांचं नाव काढलं की मागच्या रांगेतून हात वर येतोच. एवढा कडवा नास्तिक, मग पार्लमेंटात बसण्यासाठी देवाची शपथ घ्यायला का निघाला? खुर्चीसाठीच ना? विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'सापडला चोर' लिहिलेलं असतं.

अहो, १८८० साली नॉर्दॅम्प्टनमधून निवडून आल्यावर त्यांनी आधी मागितली ती देवाचं नाव नसलेली प्रतिज्ञाच. सभागृहाच्या समितीने ती नाकारली. तेव्हा ते म्हणाले, बरं, शपथ घेतो. आणि वर जाहीर पत्र लिहून टाकलं की त्यातले काही शब्द माझ्या लेखी निरर्थक आहेत. झालं! मग शपथही बंद. दोन्ही दारं लावल्यावर माणसाने जायचं कुठून?

पुढे कोर्टकज्ज्यात जागा गेली, पोटनिवडणुकीत ती त्यांनी परत मिळवली आणि ३ ऑगस्ट १८८१ला ते पुन्हा वेस्टमिन्स्टरला, म्हणजे पार्लमेंटच्या दाराशी आले. बाहेर पाठीराख्यांची ही गर्दी, आणि तिला आवरायला ॲनी बेझंट (हो, आपल्याकडे होमरूलवाल्या झाल्या त्याच). दाराशी शिपाई आणि पोलिसांनी ब्रॅडलॉंना धरलं, जिन्यावरून ओढत खाली नेलं आणि आवारात आणून सोडलं. गडी धिप्पाड, एकेकाळी घोडदळात नोकरी केलेला. कोट फाटलेला, चेहरा पांढराफटक. एक हाक दिली असती तर गर्दी आत घुसली असती. दिली नाही. लोकांनी निवडलेल्या माणसाला पोलीस असं फरफटत काढतात आणि आपण चर्चा करतो त्याच्या तत्त्वनिष्ठेची!

पण फेब्रुवारी १८८२मध्ये खिशातून बायबलचा नवा करार काढून त्यांनी स्वतःच स्वतःला शपथ दिली, ते? कॉलेजात असताना मी त्यावर टाळ्या घेतल्या आहेत. आज ते नाटकी वाटतं. जॉन मोर्लेही देव न मानणारेच. १८८३ साली निवडून आले, मुकाट शपथ घेतली आणि बसले. त्यांना कुणी जाब विचारत नाही. म्हणजे खरं बोलला त्याचीच झडती! असं मी तावातावाने म्हणतो खरा, पण निरर्थक ठरवलेले शब्द ब्रॅडलॉंनी १८८६ साली, सभागृहाच्या नव्या अध्यक्षांनी वाट मोकळी करताच, उच्चारलेच. १८८८चा प्रतिज्ञेचा कायदा आत बसल्यावरच त्यांना करून घेता आला. मी हे सांगितलं की विचारणारा म्हणतो, "म्हणजे खुर्ची लागलीच ना?"

लागली. नॉर्दॅम्प्टनकरांनी ती पुन्हापुन्हा दिली होती.