भुताची हद्द

आमच्या गावी पावसाळ्यात तिन्हीसांजेला वीज गेली, की आजी समईच्या उजेडात राखणदाराची गोष्ट सांगत असे. त्या गोष्टीत फारसे काही घडत नसे. हातात दांडा, खांद्यावर कांबळे आणि पायांत जाड वहाणा अशा वेषातला हा राखणदार, म्हणजे देवचार, रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला दारापर्यंत पोचवतो आणि ज्यांनी त्याचा रोट, म्हणजे नैवेद्याची जाड भाकरी, चुकवला त्यांना चकवा लावतो, एवढाच तिचा ऐवज. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वहाणा अर्पण करतात, हे ऐकल्यावर माझी भीती गेली नाही. पण त्या भीतीला माया चिकटली.

हे आठवायचे कारण माझी दहा वर्षांची भाची. तिला सध्या भुतांची पुस्तके लागतात, आणि ती शोधत मी पणजीतल्या पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात वारंवार जातो. 1832 साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेल्या या संस्थेत वयाच्या मानाने दोन-चार भुते असायला हरकत नव्हती. परंतु आताची इमारत इतकी उजेडाची आहे, की त्यांनी केव्हाच स्थलांतर केले असावे. आठ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी इंग्रजी प्रकाशक वेगळा विभाग राखतात. आपण सातवीतल्या आणि दहावीतल्या मुलांना एकाच ‘कुमार’ पाटीखाली बसवतो, आणि निवडीचा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

या वयासाठी लिहिलेल्या भुतांच्या कादंबऱ्यांत मला दोन प्रकार खटकतात. एकात पडक्या वाड्यातले भूत शेवटच्या प्रकरणात सोन्याचा तस्कर निघते. मुलांच्या मनातली अंधश्रद्धा जावी हा लेखकाचा हेतू चांगलाच असतो, पण दीडशे पाने श्वास रोखून वाचणाऱ्या मुलाची त्यात फसवणूक होते, आणि पुढच्या पुस्तकात ते पहिल्या पानापासून तस्कर शोधू लागते. दुसऱ्या प्रकारात भूत कुठेही, कधीही, कोणालाही धरते आणि पानापानावर रक्त सांडते. त्या भुताला गाव नाही, वेळ नाही, दुःख तर नाहीच. अशा पुस्तकाने मूल दचकते. त्याच्या मनात घर करून राहील असे मात्र त्यात काही नसते. अद्भुतकथेलाही मी हाच निकष लावतो. मंत्र म्हणताच हवे ते मिळत असेल, तर नायकाची काळजी करायला वाचकाकडे कारणच उरत नाही.

याउलट, 1998 साली आलेल्या हॅरी पॉटरच्या दुसऱ्या भागात एका भुताच्या मृत्युदिनाची मेजवानी आहे. भुतांना चव लागत नाही, म्हणून पदार्थ मुद्दाम कुजवून ठेवलेले असतात आणि पाहुणे त्यांच्यातून आरपार जात थोडासा स्वाद घेऊ पाहतात. भाचीने ते पान मला तीनदा वाचून दाखवले. ते किळसवाणे आहे, हास्यास्पद आहे, आणि जरा थांबून पाहिले तर फार एकाकी आहे. जेवणाची आठवण शिल्लक असलेले हे भूत आणि रोटाची वाट पाहणारा आमचा देवचार, दोघांना एका पंक्तीला बसवता येईल.

पण माझ्या मते या वयाला द्यावे असे खरे पुस्तक म्हणजे फिलिपा पिअर्स यांचे 1958 सालचे ‘टॉम्स मिडनाइट गार्डन’. भावाला गोवर आला म्हणून टॉमला मावशीकडे पाठवतात. ती राहते त्या जुन्या मोठ्या घराचे आता फ्लॅट झाले आहेत आणि मागे कचऱ्याचे डबे ठेवण्यापुरते अंगण उरले आहे. रात्री खालच्या प्रवेशदालनातले घड्याळ तेराचे ठोके देते, टॉम मागचे दार उघडतो, तर समोर अफाट बाग. तिथे त्याला हॅटी भेटते, आणि आपल्यापैकी भूत कोण यावरून दोघांचे कडाक्याचे भांडण होते. शेवट सांगून मी कोणाचा आनंद घालवणार नाही. मात्र ज्या गोव्यात भाटे, म्हणजे बागायती, विकली जाऊन तिथे इमारती उभ्या राहतात, तिथल्या मुलाला मागच्या दारापलीकडे हरवलेली बाग असणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

भाचीने पुस्तक दोन दिवसांत संपवले आणि मग राखणदाराची चौकशी आरंभली. त्याची हद्द कुठून कुठवर, ती कोणी आखली, शेताच्या जागी इमारत झाली तर तो वळसा घालतो की आतून जातो? हद्द त्याची असल्याने तो आतूनच जात असावा, असे मी जबाबदारीने सांगितले.

“मग लिफ्टने जातो की जिन्याने?”

मी विचारात पडलो.

“जिन्यानेच जात असणार, मामा,” तीच म्हणाली. “लिफ्टमध्ये त्याच्या दांड्याचा आवाज कसा ऐकू येईल?”