देव नसलेलं जागरण

परवा रात्री लातुरात लाईट गेली ती दीड तास आलीच नाही. मे महिना, भिंती तव्यासारख्या तापलेल्या. सगळं घर सतरंज्या घेऊन गच्चीवर. आजी, आई, अण्णा, चुलतभाऊ आणि त्याची दहावीतली पोरगी. मी बर्लिनहून सुट्टीवर आलेला, म्हणजे पाहुण्यात जमा. इकडच्या-तिकडच्या गप्पा झाल्यावर पुतणीनं विचारलं, "काका, तिकडं शनिवार-रविवार काय करता तुम्ही?" मी बेसावध होतो. बोलून गेलो, "एकदा दोन रात्री नुसता जागलो होतो."

"कशापायी?" आजी.

"असंच."

"असंच कसं? कुणाचा गोंधळ हुता का? देव कुठला?"

देव कुठलाच नव्हता. मग सुरुवातीपासून सांगावं लागलं. आजीला सांगितलं ते बारीक चाळणीनं चाळून. इथं लिहितोय ते जरा मोठ्या भोकांच्या चाळणीनं.

गेल्या वर्षीचा जून, पहिलाच शुक्रवार. संध्याकाळी बर्लिनच्या खोलीवर येऊन कुकर लावला, दुसरी शिट्टी झाली आणि उदगीरकराचा फोन. (नाव लिहीत नाही, त्याला स्थळं बघणं चालू आहे.) तो हॅम्बुर्गला असतो. म्हणाला, "गाडीत बसलालो. दोन तासांत पोचतो, झोपू नको."

"अरे, ठरलं कधी?"

"आत्ता. स्टेशनात चहा प्यायला आलतो, तर बर्लिनची गाडी उभी."

आला तो इस्त्रीचा पांढरा शर्ट, चकचकीत बूट आणि डब्यात धपाटे घेऊन. सोयरीक बघायला निघाल्यासारखा. मग परभणीच्या ताईंना फोन केला. त्या तिथं सहा वर्षं संशोधन करतात आणि बर्लिनची रात्र त्यांना गल्लीसारखी पाठ आहे. वरणभात जेवून खाली उतरलो तेव्हा सव्वानऊ वाजून गेले होते आणि सूर्य आत्ता कुठं बुडत होता. उदगीरकर म्हणाला, "दिवेलागणीला आई घरात बोलावायची. इथं दिवेलागणच होईना, घरी जायचं कधी?"

कोपऱ्यावर 'श्पेटी' असते, म्हणजे उशिरापर्यंत उघडं राहणारं दुकान. चालवणारे पुष्कळदा तुर्की किंवा अरब. साबणापासून बीअरपर्यंत सगळं आणि बाहेर बसायला एक बाकडं. बाटली फोडून घ्यायची आणि पीत पीत रस्त्यानं चालायचं. याला त्या भाषेत स्वतंत्र शब्दच आहे, 'वेगबीअर', वाटेची बीअर. (आजीच्या चाळणीत इथं लिंबू सरबत झालं.) आपल्याकडचा पिणारा बाभळीच्या आडोशाला, रस्त्याकडं पाठ करून बसतो. पोलिसांची गाडी आली तशी उदगीरकराची बाटली आपोआप पाठीमागं गेली. गाडीतल्यांनी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. तो जरा हिरमुसलाच.

रिकामी बाटली परत दिली की ८ सेंट मिळतात. पण लोक ती कचऱ्याच्या डब्याशेजारी उभी करून जातात. गोळा करणाऱ्याला डब्यात हात घालायला लागू नये म्हणून.

"हे मातर चांगलं हाय," आजी म्हणाली. "पर सरबताच्या बाटलीला पैसं?"

पुढं कालव्यावरच्या आडमिराल पुलावर बसलो. रस्त्यावरच, दगडी फरशीवर, शंभरेक लोक बसलेले. कुणी गिटार, कुणी पिझ्झाचं खोकं, खाली पाण्यात हंस. कशासाठी बसलेत याचा कुणी कुणाला पत्ता विचारत नव्हता. मजा अशी की याच शहरात माझ्या इमारतीत रात्री १० नंतर वॉशिंग मशीन लावलं तर सकाळी दाराला चिठ्ठी चिकटलेली असते.

बार बंद करायची ठरलेली वेळ मात्र बर्लिनला नाही. त्याची गोष्ट ताईंनी पुलावरच सांगितली. १९४९ साल. रशियनांची नाकेबंदी नुकतीच उठलेली. शहराच्या पूर्व आणि पश्चिम भागांत चढाओढ अशी की एकानं बार तासभर जास्त उघडे ठेवले की दुसऱ्यानं त्यावर आणखी तास वाढवायचा. शेवटी हाइन्झ त्सेलरमायर नावाचा हॉटेलवाला अमेरिकन सेनाधिकारी हाउली याच्याकडं गेला. व्हिस्कीची बाटली घेऊन गेला होता, असं सांगतात. पश्चिमेतली बंद करायची वेळच उठवून टाकली.

"एका बाटलीत?" उदगीरकर म्हणाला. "आपल्याकडं बांधाची मोजणीसुद्धा होत नाही तेवढ्यात."

साडेबाराला एका क्लबच्या रांगेत उभे राहिलो. कुठल्या ते सांगत नाही. पाऊण तास रांग, आणि रांगेत बोलणं नाही, हसणं नाही, डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लागल्यासारखी माणसं. दारावरच्या गड्यानं उदगीरकराच्या बुटांकडं बघितलं, मग इस्त्रीकडं, मग मान हलवली. आज नाही. कारण विचारायचं नसतं. चांगले कपडे घातले म्हणून हाकलून दिलेला उदगीर तालुक्यातला हा पहिलाच माणूस असेल. ताई शांतपणे म्हणाल्या, "बनी तो बनी, नहीं तो परभणी," आणि चालायला लागल्या. वाटेत त्याचा शर्ट बाहेर काढला, बाह्या दुमडल्या, भांग विस्कटला. बुटांचं काही करता येईना.

दुसरीकडं घेतलं. ट्रेझोर. शब्दाचा अर्थ तिजोरी. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली तेव्हा पूर्वेकडच्या किती इमारतींचा मालक कोण हेच कुणाला सांगता येईना. अशा ओसाड जागांत पोरं स्पीकर घेऊन शिरली. एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात तिजोऱ्यांची खोली सापडली, तिथं १९९१ मध्ये हा क्लब सुरू झाला. तिथलं संगीत म्हणजे टेक्नो, अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या काळ्या पोरांनी घडवलेलं. बर्लिननं ते दत्तक घेतलं आणि वंशावळीत नावही लावलं. २०२४ च्या मार्चमध्ये जर्मनीनं बर्लिनच्या टेक्नोला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातलं. २००७ पासून ट्रेझोर दुसऱ्या जागी आहे, एका बंद पडलेल्या वीजकेंद्रात.

इथं अण्णा उठून बसले. तोवर ते झोपलेत असं मला वाटत होतं.

"वीजकेंद्र? परळीसारखं?"

"हो. तसंच, पण शहराच्या मधोमध."

"आणि तिथं नाचतात."

अण्णांचं आणि विजेचं जुनं वैर आहे. एक आठवडा दिवसा थ्री-फेज, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात मध्यरात्री बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जायचं, दारं धरायची, सापाला जपायचं, आणि मोटर चालू होतेय तोवर लाईट गेली की बांधावर बसून राहायचं. २०१५ मध्ये पाणीच नाही म्हणून परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं, तेव्हा ते म्हणाले होते, "आता वीज बी तहानली." आमच्या घरात रात्र जागायची ती अशी. माझीही त्यातलीच. अकरावी-बारावीची दोन वर्षं लातूर पॅटर्नमध्ये, अभ्यासिकेच्या ट्यूबलाईटखाली, दोन-दोन वाजेपर्यंत. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्याच्या आधीच्या रात्री टँकरच्या वाटेकडं डोळे लावून. काही कारण नसताना मी जागा राहिलो तो त्या शुक्रवारी पहिल्यांदा.

आत जाताना फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. आत बघितलेलं आतच ठेवायचं. खाली उतरलो. धूर, लाल उजेड, गंजलेले गज, आणि ठोका. सूर नाही, शब्द नाही, नुसता ठोका. पहिला तासभर मी गाणं कधी सुरू होतंय याची वाट बघत होतो. उदगीरकर कानाशी ओरडला, "ही ट्रायल चाललीय का?" मग कधीतरी, अडीचच्या सुमाराला असेल, वाट बघणं सुटलं. गोंधळात संबळ चढत जातो, आणि एका वेळेला कुणीतरी घुमायला लागतं, तिथपर्यंत आपण कधी आलो हे कळत नाही, तसं काहीसं. प्रत्येकजण एकटा नाचत होता. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. मला आयुष्यभर नाचायची लाज वाटली ती चुलते-मामे बघतात म्हणून. इथं बघायला कुणी नाही म्हटल्यावर लाज धरायची कुणासाठी? उदगीरकरानं दोन्ही हात वर करून सरळ गणपतीच्या मिरवणुकीतला नाच काढला. शेजारची दोन पोरं थोडा वेळ बघत राहिली आणि मग तिघांचे हात वर.

सांगता सांगता माझ्या तोंडून निघून गेलं, "आवाज एवढा, की जमीन हादरत होती."

गच्ची गप्प झाली.

आजीचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या अंगाला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून माणसं नुकती झोपलेली. मी तीन वर्षांचा. पुढं कित्येक महिने आम्ही भिंतीखाली झोपलो नाही, अंगणात पत्र्याखाली झोपलो, हे मला ऐकूनच माहीत. आजी अजून रात्री ट्रक गेला तरी उठून बसते.

"जमीन हादरती," ती म्हणाली, "आन् माणसं पळत न्हाईत?"

"नाही. नाचतात."

"येडी हायेत का काय बाई," असं म्हणून तिनं कूस बदलली.

तिला सांगितलं नाही ते असं, की जिना उतरताना पहिला ठोका तळव्यातून वर आला, तेव्हा मीही बाहेर जायचं दार कुठं आहे ते बघून ठेवलं होतं.

पावणेपाचला वर आलो तर लख्ख उजाडलेलं. अंधारातून उन्हात असं एकदम बाहेर पडल्यावर चोरी करून आल्यासारखं वाटतं. नदीच्या कडेनं चालत निघालो. झुडपात नाइटिंगेल ओरडत होता. बर्लिनमध्ये हे पक्षी भर शहरात पुष्कळ आहेत आणि जूनच्या सुरुवातीपर्यंत रात्रभर गातात. ताईंनी थांबवून ऐकवला. आमचे कान अजून ठोक्यानं भरलेले, तेव्हा निम्माच ऐकू आला. ओबरबाउम पुलापलीकडं डोनर खाल्ला, आणि मेट्रोत बसून एकमेकांच्या खांद्यावर झोपलो. शुक्रवार-शनिवारच्या रात्री मेट्रो बंदच होत नाही, म्हणून तर ही सगळी मिजास. आमच्या डब्यात निम्मे लोक रात्रीचे होते, निम्मे सकाळचे कामावर निघालेले. एका बाईच्या हातात झाडू-बादली होती. त्यांच्याकडं बघायचं मी टाळलं.

शनिवारचा दिवस झोपेत गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, धपाटे संपले एवढंच.

रात्री कुठं लांब जायचं त्राण नव्हतं, म्हणून खोलीखालच्याच क्नाइपंमध्ये शिरलो. क्नाइपं म्हणजे मोहल्ल्यातली जुनी दारूची खानावळ. पिवळा उजेड, सिगारेटचा धूर, कार्ड चालत नाही, रोखच द्या. उदगीरकराला हे क्लबपेक्षा आवडलं. "हे आपलं हाय. फक्त शेव-कांदा नाही." शेजारच्या टेबलावर सत्तरीचा एक आजोबा होता, जन्म पूर्व बर्लिनचा. माझं जर्मन तोडकंमोडकं, ताईंनी दुभाष्याचं काम केलं. भिंत पडली त्या रात्री तुम्ही कुठं होतात, हे बर्लिनमधल्या म्हाताऱ्यांना विचारायचं नसतं, सगळेच विचारतात. उदगीरकरानं विचारलं.

आजोबा म्हणाला, झोपलो होतो. सकाळची पाळी होती. ९ नोव्हेंबरला रात्री साडेअकराच्या सुमाराला बोर्नहोल्मरचा नाका उघडला, माणसं रडत-हसत पलीकडं गेली, तो तिथून चार रस्ते अलीकडं, कुशीवर. सकाळी कारखान्यात गेला तर निम्मी माणसं कामावर आलीच नव्हती. त्याला वाटलं, फ्लूची साथ असेल.

हे सांगून तो इतका हसला की त्याला खोकला लागला. मग आम्हाला एकेक बीअर पाजली, आणि दीड वाजेपर्यंत त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलत राहिला.

रविवारी तिथं दुकानं बंद असतात. घरात दूधही नव्हतं. काळ्या चहावर उदगीरकराला स्टेशनवर सोडून आलो. बुटांना अजून क्लबमधला चिखल होता, पुसला नव्हता त्यानं.

इथवर सांगून होईपर्यंत लाईट आली. पुतणी म्हणाली, "मग परत कधी जागलात?" मी म्हटलं, "नाही जागलो, जमलंच नाही." अण्णा काहीच बोलले नाहीत. आजीचा डोळा लागलाय असं वाटून मी सतरंजी गुंडाळायला घेतली, तेवढ्यात खालून शेजारच्या काकू ओरडल्या, "ओ, नळ आले!"

आठ दिवसांनी आले होते. मग काय, चुलतभाऊ पाइप घेऊन हौदाकडं, आई ड्रम धुवायला, पुतणी घागरी काढायला. घराघरांतले दिवे लागले, मोटरींची घरघर सुरू झाली, कुणाचा तरी पाइप सुटून रस्त्यावर पाणी उडालं तशी दोघांची भांडणं लागली. घड्याळात अडीच. आजी भिंतीला धरून उठली आणि वरूनच मला म्हणाली, "आरं, बघत काय बसलास? बर्लिनचा पाव्हना हायेस व्हय? ती बादली लाव की नळाखाली."