रोलेक्स सोडून हे काय?

जेम्स बाँडची घड्याळं जमवतो म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रोलेक्स येतं. मी डबा उघडतो तेव्हा आत निघतात सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बाँडपटांत दिसलेली, सीको या जपानी कंपनीची डिजिटल घड्याळं. मग ठरलेला प्रश्न: रोलेक्स सोडून हे काय? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

पैसा हे कारण आहेच. ‘डॉ. नो’मध्ये (१९६२) शॉन कॉनरीच्या मनगटावर असलेलं ६५३८ क्रमांकाचं सबमरीनर हे रोलेक्सचं घड्याळ आता लिलावात बघायचं आणि गप्प बसायचं. पण परवडलं असतं तरी माझा ओढा सीकोकडेच राहिला असता, कारण बाँड घड्याळाला दागिना मानत नाही. इयन फ्लेमिंगच्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ या कादंबरीत तो स्वतःचं रोलेक्स मुठीवर चढवून ठोसा हाणतो. घड्याळ कामातून जातं. त्याचं त्याला काडीचं दुःख नाही. नवं खात्याच्या खर्चाने मिळेल, बहुधा पुन्हा रोलेक्सच, जड असतं पण चालतं आणि अंधारात आकडे दिसतात, एवढाच त्याचा विचार!

अशा माणसाने १९७७ साली काय घातलं असतं? त्या वेळचं नवंकोरं तंत्र. सीकोने पहिलं क्वार्ट्झ (बॅटरीवर, स्फटिकाच्या कंपनांनी चालणारं) मनगटी घड्याळ, अ‍ॅस्ट्रॉन, विकायला काढलं ते १९६९च्या डिसेंबरात. त्यानंतर काही वर्षांतच किल्लीच्या घड्याळांचा बाजार हलला. ‘द स्पाय हू लव्हड मी’मध्ये (१९७७) बाँड झालेल्या रॉजर मूरच्या सीको ०६७४मधून निरोपाची छापील पट्टी बाहेर येते. खऱ्या घड्याळातून अर्थातच काही येत नाही. ‘ऑक्टोपसी’त (१९८३) तर सीकोचं टीव्ही घड्याळही आहे. ते दुकानातही मिळायचं, फक्त त्याचा रिसीव्हर वेगळा खिशात बाळगावा लागे.

ही घड्याळं सांभाळणं मात्र सोपं नाही. जुनं यांत्रिक घड्याळ चांगला कारागीर पुन्हा चालतं करतो. इथे डिस्प्ले गेला की खेळ संपला. दोन काचांमधला द्रव झिरपू लागतो, कोपऱ्यात शाईसारखा काळा डाग येतो आणि तो पसरतच जातो. वरची पोलरायझरची फिल्म (आकडे दिसण्यासाठी लागणारा पातळ पापुद्रा) पिवळी पडली असेल तर बदलता येते, डाग मात्र बरा होत नाही. बॅटरी आतच विसरलेली असेल तर तिने संपर्काच्या पट्ट्या खाल्लेल्या असतात. म्हणून बंद पडलेलं दुसरं घड्याळ नुसत्या सुट्या भागांसाठी घ्यावं लागतं. स्टीलचा मूळ पट्टा शोधणं हे तर घड्याळ शोधण्याइतकंच कठीण.

विकत घेताना मी आधी पाठ बघतो. सीकोच्या अनुक्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक असतो, दुसरा महिना (ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबर-डिसेंबरला ‘एन’ आणि ‘डी’). ०६७४च्या पाठीवर सुरुवातीला ८ असेल तर ते १९७८चं, म्हणजे चित्रपट लागल्यानंतरचं. काही संग्राहक असं घड्याळ हातात धरत नाहीत. मला हे सोवळं पटत नाही. मॉडेल तेच, डिस्प्ले स्वच्छ, तर मी घेतो.

राहिला ओमेगाचा प्रश्न, तोही कुणीतरी काढतंच. पिअर्स ब्रॉस्ननने ‘गोल्डनआय’मध्ये (१९९५) घातलेलं ओमेगाचं निळं सीमास्टर क्वार्ट्झ होतं, ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप किल्ली बसणारं) आलं पुढच्या, १९९७च्या चित्रपटात. जाणकार म्हणवणारे ऑटोमॅटिकच्या मागे धावतात. मला कधी सीमास्टर घ्यायचंच झालं, तर बॅटरीवालं.