जिंकलेला हेडर, गेलेला चेंडू

१-० ने जिंकलेल्या मॅचनंतर घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि आमच्या फुटबॉल क्लबच्या कार्यालयाने ठरवलं, आता चाहत्यांची सभा घ्यायलाच हवी. मी या क्लबात व्हिडिओ ॲनालिस्ट आहे. मॅचचं चित्रण कापून खेळाडूंना दाखवायचं, प्रत्येक पासची, टॅकलची नोंद करायची आणि मॅनेजर जे विचारतील त्याचं उत्तर दोन-तीन क्लिपांत द्यायचं, हे माझं काम. चार माणसांसमोर उभं राहून बोलणं त्यात बसत नाही. पण मॅनेजरांनी सभेला जायला साफ नकार दिला. "मी गेलो तर माझ्याशी भांडतील. तू गेलीस तर खेळाबद्दल बोलतील," असं म्हणाले. वर तंबी दिली : "आकडे दाखवू नकोस, क्लिपा दाखव. आणि ड्रेसिंगरूममधलं ड्रेसिंगरूममध्येच राहू दे."

ही शेवटची सूचना नेहमीचीच. त्या संध्याकाळी मात्र ती मला चांगलीच काचली.

आमच्या मॅनेजरांचा खेळ सरळसोट. मागे चेंडू फिरवत बसायचं नाही. गोलकीपरने किंवा सेंटर बॅकने, म्हणजे मधल्या बचावपटूने, चेंडू लांब मारायचा, सगळ्यांत पुढे असलेल्या उंच स्ट्रायकरने तो डोक्याने खाली पाडायचा किंवा पुढे ढकलायचा, आणि तो पडेल तिथे आपली माणसं आधीच पोहोचलेली हवीत. हा पडलेला चेंडू म्हणजे सेकंड बॉल, आणि सगळी मदार त्याच्यावर. तो मिळाला तर समोरच्यांची घडी बसायच्या आत दोन-तीन टचमध्ये गोलवर शॉट. नाही मिळाला तर एवढं लांब मारून चेंडू फुकट दिला, इतकंच. गेल्या हंगामात याच खेळावर स्टँड गात होता. या हंगामात गुण जवळपास तितकेच आहेत, पण गाणं बंद पडलंय.

सभागृह भरलं होतं आणि मी लॅपटॉप जोडेपर्यंत दोन तट पडलेही होते. एकांचं म्हणणं, मॅनेजर चांगल्या खेळाडूंना नुसतं 'हाण वर' शिकवतात, बघवत नाही. दुसऱ्यांचं म्हणणं, पद्धतीत खोट नाही, पोरांच्यातच जीव उरलेला नाही. गंमत अशी की दोन्ही तट दाखले देत होते ते त्याच मॅचमधल्या त्याच प्रसंगांचे.

पुढच्या रांगेतला एक तरुण तयारी करून आला होता. त्याने चार्ल्स रीपचं नाव काढलं. रीप ब्रिटिश हवाई दलातला अधिकारी, पेशाने हिशेबनीस. मार्च १९५० मध्ये इंग्लंडमधल्या स्विंडन टाउन क्लबची मॅच बघताना त्याने वही-पेन्सिल काढली आणि एकेक चाल टिपायला सुरुवात केली, ती पुढे कित्येक वर्षं सोडली नाही. १९६८ मध्ये बर्नार्ड बेंजामिनबरोबर लिहिलेला त्याचा निबंध रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासच्या चालींतून होतात, हा त्याचा गाजलेला निष्कर्ष. "म्हणजे आपले मॅनेजर बरोबरच आहेत की!" तरुण म्हणाला.

मला मनाई होती ती आकडे दाखवायची. दुसऱ्याने आणलेल्या आकड्यांवर बोलायची नव्हती. मी म्हटलं, रीपच्याच नोंदींत सुमारे ९० टक्के चाली मुळात तीन पासच्या आतच संपत होत्या. म्हणजे ९० टक्के चालींतून ८० टक्के गोल, आणि उरलेल्या जेमतेम १० टक्क्यांतून २० टक्के. हिशेब उलटा निघतो. मागून कुणीतरी टाळी वाजवली, म्हणून पुढचंही लगेच सांगून टाकलं : यावरून लांब मारणं वाईट ठरत नाही. चेंडू पायात राखणारे खेळाडू ज्यांच्याकडे असतात, त्यांच्याच चाली लांबतात. आपल्याकडे कोण आहेत ते तुम्ही जाणताच. टाळी थांबली.

खरा वाद पेटला तो एका वयस्कर गृहस्थांमुळे. त्यांनी आयर्लंडचा दाखला दिला. जॅक चार्ल्टन मॅनेजर असलेला आयर्लंड १९९० मध्ये पहिल्यांदाच विश्वचषकात खेळला. पाच मॅचमध्ये दोन गोल. ठरल्या वेळेत जिंकलेली मॅच एकही नाही. रोमानियाला पेनल्टींवर हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि तिथे इटलीकडून १-० ने हरले. खेळ काय, तर चेंडू समोरच्या फुलबॅकच्या, म्हणजे कडेच्या बचावपटूच्या, पाठीमागे मारायचा, त्याला उलटं पळायला लावायचं आणि सगळ्यांनी मिळून तुटून पडायचं.

"बघायला सुंदर होतं? मुळीच नाही," गृहस्थ म्हणाले. "पण परत आले तेव्हा डब्लिनचे रस्ते माणसांनी फुलून गेले होते. कारण अकराजण एकमेकांसाठी जीव टाकत होते. आपले टाकत नाहीत."

"मग २०१४ मध्ये वेस्ट हॅमला काय झालं?" पलीकडून एकजण उठला. सॅम अलार्डाइस मॅनेजर असलेल्या या इंग्लिश क्लबने हल सिटीला २-१ ने हरवलं, तेही हल सिटीचे दहाच खेळाडू उरलेले असताना. तरी मॅच संपल्यावर घरच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि अलार्डाइस कानामागे हात धरून, ऐकू येत नाही अशा थाटात उभा राहिला. "जिंकूनही का ओरडले लोक? खेळ भिकार म्हणून. जीव टाका नाही तर आणखी काही करा, पद्धतच भिकार असेल तर काय उपयोग!"

माझ्या मते दोघंही अर्धंच सांगत होते. पहिल्यांदा विश्वचषकात आलेल्या आयर्लंडकडून कुणी सुंदर खेळाची वाट बघत नव्हतं. वेस्ट हॅमच्या चाहत्यांच्या मनात आपला क्लब कसा खेळतो याचं जुनं, लाडकं चित्र होतं. पण हे मी बोलले नाही. अशा सभेत अपेक्षांचा विषय काढला की समोरच्याला 'चूक तुमची' एवढंच ऐकू जातं. शिवाय, वीस आडवे पास देऊन कुठेच न पोहोचणारे संघही मी रोज बघते. जीव नसणं ही काही लांब पासची मक्तेदारी नाही. मी क्लिप लावली.

हुर्यो उडालेल्या त्याच मॅचमधली, दुसऱ्या हाफमधली. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे पळतो. आमचा कॅमेरा स्टँडच्या छताजवळ असतो आणि त्यात बावीसच्या बावीसजण दिसतात. आमची गोलकिक. गोलकीपर लांब मारतो. स्ट्रायकर त्यांच्या सेंटर बॅकला खांद्याने मागे रेटून उडी घेतो आणि हेडर जिंकतो. आमच्या नोंदवहीत हे हिरव्या रंगात जातं : हवेतला चेंडू, जिंकला. तो चेंडू सात-आठ मीटरवर खाली पडतो आणि तिथे आमचं कुणीच नसतं. त्यांचा मिडफिल्डर तो छातीवर घेतो, वळतो, मान वर करून बघायलाही त्याला वेळ मिळतो. मग आमचे तिघे धावत पोहोचतात. वरातीमागून घोडं.

"हेच म्हणतोय मी!" गृहस्थ म्हणाले. "कुणाला काही पडलेलीच नाही. आणि तो बघा, डावा मिडफिल्डर. हात पसरून उभा आहे नुसता!" त्या खेळाडूच्या नावाने दोन-तीन शेलकी विशेषणं उठली.

"जरा मागे घ्या," मधल्या रांगेतून एक बाई म्हणाल्या. "किक मारायच्या आधीपर्यंत. आणि आता चेंडूकडे कुणी बघू नका. मी गोलच्या मागे बसते, मला हे दर मॅचला दिसतं."

मी मागे घेतलं. गोलकीपर चेंडू ठेवतोय. डाव्या मिडफिल्डरची पाठ समोरच्या संघाकडे आणि तोंड आपल्याच गोलकडे. दोन्ही हातांनी तो 'वर या, वर या' अशी खूण करतोय. किक सुटते तरी त्याचे हात खाली आलेले नाहीत. बचावफळी पेनल्टी एरियाच्या तोंडाशीच आहे. चेंडू हवेत असताना मी चित्र थांबवलं. आमचा स्ट्रायकर आणि आमची बचावफळी यांच्यात अर्ध्या मैदानाहून जास्त अंतर होतं, आणि त्या पोकळीत तीन मिडफिल्डर विखुरलेले.

"हात पसरून उभा नाही तो," बाई म्हणाल्या. "हाका मारतोय."

थोडी कुजबुज झाली. मग नेमका तो प्रश्न आला : "मग मागचे वर का येत नाहीत?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं, कोचिंगच्या खोलीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. आमचा वेगवान सेंटर बॅक हंगामाच्या सुरुवातीलाच जायबंदी झाला. त्याच्या जागी आलेला खेळाडू हवेत भक्कम आहे, खेळ त्याला आधी कळतो, पण पाय जड. वेगवान माणूस पाठीमागे मोकळं मैदान सोडून बिनधास्त मध्यरेषेकडे चढतो. हा चढत नाही. दोन पावलं मागे राहतो. तो मागे राहिला की शेजारच्याला राहावं लागतं, नाही तर समोरच्यांना ऑफसाइड पकडणारी बचावाची सरळ रेषा मोडते. फुलबॅकही मग तिथेच. ही फळी खाली आणा असं मॅनेजरांनी कधीच सांगितलेलं नव्हतं, ती आपोआप उतरत गेली. हेडर जिंकूनही चेंडू जातो तो एवढ्याने. स्टँडमधून बघणाऱ्याला मात्र तो आळस दिसतो, बेफिकिरी दिसते.

भरल्या सभेत हे सांगायचं म्हणजे एका खेळाडूला बळी द्यायचं. पुढच्या मॅचला चेंडू त्याच्या पायाशी आला की स्टँड ओरडला असता. म्हणून मी म्हटलं, "पाठीमागे जागा सोडायला बचाव कचरतोय." खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

"कचरतोय म्हणजे जिद्द नाही, हेच ना?" गृहस्थांनी लगेच पकडलं. मी गप्प राहिले. संघातली कित्येक माणसं मी जवळून बघते. कुणी सरावानंतर एकटा थांबून पळतो, कुणी सुजलेला घोटा बांधून खेळतो. जिद्द नाही हे ऐकून घेणं मला जड गेलं.

बाईंनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. काय ताडलं कोण जाणे, पण विषय त्यांनीच फिरवला. "या क्लिपला आवाज आहे का हो?"

आवाज होता. आम्ही नेहमी बंद ठेवून बघतो, कारण गोंगाटात लक्ष लागत नाही. मी तो चालू केला आणि क्लिप पुन्हा लावली. गोलकीपर चेंडू खाली ठेवतो. त्याच क्षणी शिट्ट्या सुरू होतात, आपल्याच स्टँडमधून. 'मार लवकर' असं कुणीतरी स्पष्ट ओरडतं. गोलकीपर मान वर करून एकदा स्टँडकडे बघतो आणि मारून टाकतो. डावा मिडफिल्डर अजून हात हलवतोच आहे.

"तो थांबत होता ना, फळी वर येऊ दे म्हणून?" बाईंनी विचारलं. मी मान डोलावली.

पुढच्या रांगेतल्या तरुणाने आठ सेकंदांच्या नियमाची आठवण काढली. तो नियम वेगळा. २०२५-२६ च्या हंगामापासून गोलकीपरने चेंडू हातात आठ सेकंदांहून जास्त धरला तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो, आणि शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून मोजून दाखवतो. इथे चेंडू हातात नव्हता, जमिनीवर होता. मुद्दाम वेळ काढतोय असं रेफरीला वाटू न देता श्वासभर थांबता आलं असतं.

"म्हणजे आता चूक आमची का?" गृहस्थ म्हणाले, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच दोन्ही तट एकत्र हसले. ते स्वतः हसले नाहीत. निघताना मला म्हणाले, "तुमची क्लिप छान आहे. पण जीव टाकणारा माणूस जड पायांनीसुद्धा वर येतो." जड पाय हा शब्द मी उच्चारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी विचारलं, "शिव्या किती पडल्या?" मी सगळं सांगितलं, बाईंचंही. त्यांनी ती क्लिप संघाच्या व्हिडिओ बैठकीत आवाजासकट लावायला सांगितली.

शिट्ट्या ऐकल्यावर गोलकीपर हसला. डावा मिडफिल्डर म्हणाला, "किती मॅचपासून ओरडतोय मी!" आणि जड पायांचा तो सेंटर बॅक, ज्याचं नाव मी सभेत ओठांवर येऊ दिलं नव्हतं, तो सरळ बोलला : "मी वर आलो आणि चेंडू माझ्यावरून गेला तर मी त्याला गाठू शकत नाही. माहीत आहे सगळ्यांना. मग माझ्या मागे कोण?" गोलकीपर म्हणाला, मी पुढे येऊन उभा राहतो. फुलबॅक म्हणाला, तू हात वर केल्याशिवाय किक नको. स्ट्रायकरची तक्रार वेगळीच होती, की मधोमध उडी मारून त्याला दोन-दोन सेंटर बॅक अंगावर घ्यावे लागतात. तेव्हा मॅनेजरांनी नॉर्वेचं उदाहरण दिलं. तिथले मॅनेजर एगिल ओल्सेन यांच्या संघात उंचापुरा योस्टाइन फ्लो उजव्या कडेला उभा राहायचा आणि लांब तिरके पास त्याच्याकडे जायचे, कारण तिथे झुंज ठेंगण्या फुलबॅकशी असायची. शिवाय कडेला गेलेला सेकंड बॉल हुकला तर बहुतेक वेळा थ्रो-इन होतो आणि तेवढ्यात फळी वर सरकते. बैठक लांबली, आवाज चढले. मॅनेजर भिंतीला टेकून ऐकत होते, त्यांनी कुणालाच थांबवलं नाही.

पुढची घरची मॅच २-२ अशी सुटली. गोलकिकला शिट्ट्या सुरू झाल्या तेव्हा गोलमागच्या स्टँडमधूनच कुणीतरी "थांबू दे त्याला" असं ओरडलं, ते आमच्या चित्रणातही आलं आहे. सेकंड बॉल बरेच मिळाले. दुसरा गोल मात्र आम्ही खाल्ला तो फळी मध्यरेषेपर्यंत चढलेली असताना, त्या सेंटर बॅकच्या डोक्यावरून गेलेल्या चेंडूवर. त्यानंतरची शेवटची काही मिनिटं स्टँड गात होता. रात्री मी क्लिपा कापायला बसले, तेव्हा मॅनेजरांना हवा होता तो फक्त तो गोल, सगळ्या बाजूंनी.