घुशीतले पट्टकृमी: स्लाइडचा दुधीपणा गेला, तिन्ही वृषणं दिसली

घुशीच्या लहान आतड्यातला लांबडा, बिनअंकुशाचा कृमी हायमेनोलेपिस डिमिन्यूटाच, हे आता पक्कं. प्रत्येक प्रौढ खंडात (पट्टकृमीचं शरीर अशा खंडांच्या साखळीचं असतं) तीन गोल वृषणं आहेत. त्यातलं एक जननछिद्राच्या बाजूला, दोन पलीकडे. मधे अंडाशय आणि त्याला खेटून पीतक ग्रंथी (अंड्याचा बलक बनवणारी). छिद्रं सगळी एकाच कडेला. पावसाळाभर हे सगळं दुधी पडद्याआड होतं, म्हणून अपडेट रखडला.

दोष कार्माइनचा, म्हणजे लाल रंगाचा, नव्हता. सेमिकॉनचं अ‍ॅसिटोकार्माइन उत्तम चढतं. १% हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेल्या ७०% अल्कोहोलमध्ये रंग उतरवताना खंडाची कड जवळजवळ पांढरी आणि वृषणं अजून गुलाबी दिसली की थांबायचं. खरी अडचण पुढे, निर्जलीकरणात. अल्कोहोलनंतर खंड पारदर्शक करायला झायलीन वापरतात, आणि झायलीनमध्ये पाणी जवळजवळ विरघळत नाही. खंडात उरलेलं पाणी तिथे अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात वेगळं होतं, प्रकाश विखुरतो आणि खंड दुधी होतो. जुलैच्या हवेत ९९% आयसोप्रोपिलची बाटली चार वेळा उघडली की ती ९९% राहत नाही. शेवटच्या बशीत आपण ओलंच अल्कोहोल वापरत असतो.

उपाय मोरचुदाचा. निळे खडे कुटून चिनी मातीच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून, पूर्ण पांढरे होईपर्यंत तापवायचे (स्वयंपाकाचं भांडं अजिबात नको). ती पूड फिल्टर पेपरच्या घट्ट पुडीत बांधून शेवटच्या अल्कोहोलच्या बाटलीत टाकायची. पूड पाणी ओढते आणि निळी पडली की बदलायची वेळ झाली हे आपोआप कळतं. पुडी सैल असेल तर कण कृमीला चिकटतात आणि मायक्रोस्कोपखाली अंड्यांचा भास होतो, म्हणून वापरण्याआधी अल्कोहोल गाळून घ्या. पायऱ्या ७०, ८५, ९५, मग कोरडं १००% दोनदा. प्रत्येकी अर्धा तास, गर्भित (अंड्यांनी भरलेल्या) खंडांना दुप्पट. बशी झाकलेली हवी.

आधीच दुधी झालेले खंड फेकू नका. झायलीनमधून परत कोरड्या अल्कोहोलमध्ये, पुन्हा झायलीनमध्ये. डीपीएक्समध्ये (कव्हरस्लिप चिकटवणारा डिंकासारखा पदार्थ) बसवलेली स्लाइड झायलीनमध्ये बुडवून ठेवायची आणि कव्हरस्लिप आपण होऊन सरकेपर्यंत हात लावायचा नाही. ओढली की खंड फाटतो.

हे लिहिताना सुचलं: जाड खंडांना झायलीनआधी लवंगतेल द्यावं. ते ९५% अल्कोहोलमधूनही चालतं, म्हणजे थोडं पाणी माफ. मात्र दुकानातल्या लवंगतेलात सर्रास दुसरं तेल मिसळलेलं असतं. एक थेंब ९५% अल्कोहोलमध्ये टाकून पाहा. गढूळ झालं किंवा तळाशी थेंब बसला तर ते तेल या कामाचं नाही. पुढचा घाणा गर्भित खंडांचा, लवंगतेलातूनच.

फिक्सिंगबद्दल (कृमी रसायनात टिकवण्याबद्दल) एकच आग्रह. कृमी फ्रिजमधल्या साध्या पाण्यात स्पर्शाला प्रतिसाद देईनासा होईपर्यंत ठेवा, मग एएफए (९५% अल्कोहोल ५० मिली, फॉर्मॅलिन १०, ग्लेशियल अ‍ॅसिटिक २, पाणी ४०). दोन काचांमध्ये चपटा करताना वरच्या काचेचं वजन पुरतं. जास्त दाबलं की वृषणं जागची हलतात, आणि हायमेनोलेपिसमध्ये तर त्यांची मांडणी हीच ओळख. हातमोजे हवेतच: घुशीच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस रोगाचा) धोका असतो आणि रोडेंटोलेपिस नाना या पट्टकृमीची अंडी माणसाला थेट लागण करतात.

त्याच आतड्यातला दुसरा कृमी राइलिएटिना. गर्भित खंडात गर्भाशय उरत नाही, अंडी कॅप्सूलमध्ये वाटली जातात. फुरमान यांनी १९२० मध्ये केलेले चार उपगट दोनच गोष्टींवर उभे आहेत: छिद्रं एका कडेला की आलटूनपालटून, आणि कॅप्सूलमध्ये अंडं एक की अनेक. आपल्याकडच्यात छिद्रं एका कडेला, अंडी अनेक, म्हणजे उपगटही त्याच नावाचा: राइलिएटिना (राइलिएटिना). हातोडीच्या आकाराचे अंकुश फारच बारीक आणि लगेच गळणारे, त्यामुळे ते नीट पाहिल्याशिवाय प्रजातीचं लेबल लावणार नाही.

यकृतातल्या गाठींमधला कृमी प्रौढावरून ओळखायचा बेत मात्र बदलला. हायडाटिगेरा टीनीफॉर्मिसचा (जुन्या लेबलांवर टीनिया, २०१३ मध्ये हायडाटिगेरा हा वेगळा वंश, म्हणजे जीनस, म्हणून काढला) प्रौढ कृमी मांजरवर्गात सापडतो. रानमांजराला, मेलेलं असलं तरी, वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. पण त्याची गरजच नाही. पूर्ण वाढलेल्या स्ट्रोबिलोसर्कसच्या (गाठीतल्या अळीच्या) डोक्यावर अंकुश प्रौढाच्याच मापाचे असतात. मोठे साधारण ४०० मायक्रॉन, धाकटे २६०च्या आसपास, दोन ओळींत. डोकं कापून, अंकुशांचं वर्तुळ वर येईल असं ग्लिसरीन जेलीत ठेवायचं आणि कव्हरस्लिप हलके दाबायची. मोजायचे ते फक्त आडवे, सपाट पडलेले अंकुश. पात्याच्या टोकापासून मुठीच्या टोकापर्यंत. तिरक्या अंकुशाचं माप कमी भरतं. २०१६ मध्ये वेगळी केलेली हायडाटिगेरा कामियाई मुख्यतः व्होल उंदरांतली आहे, पण तिची मापं यांच्यात मिसळतात. म्हणून वहीत मापाशेजारी पोशिंदा (कृमी ज्यात सापडला तो प्राणी) आणि यकृताचा कुठला भाग हेही लिहायचं, आणि गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये न घालता थेट ९५% इथेनॉलमध्ये ठेवायचा, म्हणजे पुढे डीएनए काढता येईल.